'विद्या' हा शब्द आणि आपला हक्क

गेल्या काही वर्षांत 'भारतीय ज्ञान परंपरा' या शब्दांना मोठी चलती आली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने त्यांना अभ्यासक्रमात स्थान दिले. त्याच वर्षी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेत 'भारतीय ज्ञान प्रणाली' या नावाचा स्वतंत्र विभाग निघाला आणि आपल्या राज्यातील महाविद्यालयांतही या नावाचे विषय शिकविले जाऊ लागले. व्याख्यानांचे तर पेवच फुटले आहे. माधवनगरच्या या वसतिशाळेतून बाहेर पडून सांगली, मिरज, कोल्हापूर, पुणे येथे शिकणारे आपले विद्यार्थी सुटीत भेटावयास येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात एक प्रश्न वारंवार येतो : या परंपरेत आपण कोठे आहोत? काही जण म्हणतात, ही परंपरा आपली नव्हेच, तिच्याशी आपला संबंध फक्त बहिष्काराचा. काही जणांना भाषणे ऐकून अभिमान वाटू लागतो, पण तो नेमका कशाचा हे सांगता येत नाही. या दोन्ही उत्तरांनी आमचे समाधान होत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही हा प्रश्न जरा मुळापासून, म्हणजे शब्दापासून, तपासावयाचे ठरविले आहे. तो शब्द म्हणजे 'विद्या'. आपण स्वतःला 'विद्यार्थी' म्हणवितो, शाळेला 'विद्यालय' म्हणतो. तेव्हा या शब्दाचा जमाखर्च आपल्याला ठाऊक असलाच पाहिजे.

'विद्या' हा शब्द 'विद्' या धातूपासून झाला आहे. विद् म्हणजे जाणणे. 'वेद', 'विद्वान', 'विदित' हे शब्द त्याच धातूचे. भाषाशास्त्रज्ञ या धातूचे नाते युरोपातील भाषांपर्यंत नेतात. लॅटिनमध्ये 'विदेरे' म्हणजे पाहणे आणि आज घरोघरी पोहोचलेला 'व्हिडिओ' हा शब्द त्यातलाच. ग्रीक भाषेत 'ओइदा' म्हणजे 'मला माहीत आहे', पण त्या रूपाचा मूळ अर्थ 'मी पाहिले आहे' असा आहे. या साऱ्या भाषा जेथून फुटल्या तेथे जाणणे आणि पाहणे ही एकाच धातूची कामे होती. ज्याने पाहिले तो जाणतो, हा विद्येचा सर्वांत जुना अर्थ.

याच धातूचे आणखी दोन वंशज आपण सहसा एकत्र आठवत नाही. एक 'वैद्य' आणि दुसरा 'वैदू'. वैद्य म्हणजे ज्याच्यापाशी विद्या आहे तो. त्याच शब्दाचे बोलीतील रूप एका भटक्या जमातीचे नाव होऊन बसले. महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत आज 'वैदू' हे नाव आहे. एकाच्या दारावर पाटी लागली, दुसरा जडीबुटीचे गाठोडे घेऊन गावोगाव हिंडत राहिला. तिसरा वंशज 'वेदना'. बौद्ध वाङ्मयात पाच स्कंधांपैकी एक वेदना आहे आणि तेथे तिचा अर्थ सुख, दुःख वा या दोन्हींहून वेगळा असा कोणताही अनुभव. मराठीत मात्र वेदना म्हणजे केवळ दुःख. दलित साहित्याच्या समीक्षेत वेदना, नकार आणि विद्रोह हे शब्द जोडीने येतात, तेव्हा त्यातील पहिला शब्द विद्येचा सख्खा भाऊबंद आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जे सोसले तेही एक जाणणेच आहे.

आता इतिहासाकडे वळू. पाहण्याशी नाते असलेल्या या शब्दाचे पुढे काय झाले? वेदांना 'श्रुती' हे नाव मिळाले. श्रुती म्हणजे ऐकलेले. गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानी, असा तिचा प्रवास, आणि कोणाच्या कानी ती पडावी हे जन्मावरून ठरू लागले. पुढे विद्यांची मोजदाद झाली. चार वेद, सहा वेदांगे, आणि पुराण, न्याय, मीमांसा व धर्मशास्त्र अशा चौदा विद्या मानल्या गेल्या. आपण सहज 'चौदा विद्या, चौसष्ट कला' असे म्हणतो, पण ही चौदाची यादी कोणी नीट वाचीत नाही. त्या चौदांत शेती नाही, विणकाम नाही, कातडे कमावणे नाही, लोहारकाम नाही, बाळंतपण नाही. उपनिषदांतही या यादीविषयी असमाधान दिसते हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. मुंडकोपनिषदाने वेदांना 'अपरा', म्हणजे खालच्या पायरीची विद्या म्हटले आणि ब्रह्मज्ञानाला 'परा' म्हटले. परंतु या वरच्या पायरीवरही हाताने काम करणाऱ्याला जागा मिळाली नाही.

या व्यवस्थेचा दाह काय होता, हे १८५५ साली एका मुलीने लिहून ठेवले आहे. मुक्ता साळवे ही मांग समाजातील चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, महात्मा फुले आणि सावित्रीबाई यांच्या शाळेची विद्यार्थिनी. तिचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय' नियतकालिकात छापला गेला. वेदांवर जर एकाच वर्णाचा हक्क असेल तर आम्हांला धर्मपुस्तकच नाही, मग आमचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. तिच्या प्रश्नाचे उत्तर त्या काळच्या एकाही शास्त्री-पंडिताने दिल्याचे आमच्या वाचनात नाही.

आपल्या परिसराचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. सावित्रीबाईंचे जन्मगाव नायगाव सातारा जिल्ह्यातले, जोतीरावांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुणही त्याच जिल्ह्यातले. आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर चढले. तो दिवस आता राज्यात 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. पुढे मुंबईच्या शाळेत या मुलाला संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्याला फारसी घ्यावी लागली. ज्या भाषेतून 'विद्या' हा शब्द आला तीच भाषा त्याला बंद झाली. मोठेपणी बाबासाहेबांनी स्वतःच्या प्रयत्नाने संस्कृत अभ्यासली आणि तिच्यातील ग्रंथांची परखड तपासणी केली. १९५४ साली मुंबईत केलेल्या एका भाषणात त्यांनी आपले तीन गुरू सांगितले, बुद्ध, कबीर आणि फुले, आणि तीन उपास्य दैवतेही सांगितली. विद्या, स्वाभिमान आणि शील ही ती दैवते. ज्या शब्दाने दार लावले होते तो शब्द त्यांनी टाकून दिला नाही, तर दैवतांच्या रांगेत पहिला बसविला. यामागे विचार आहे, आणि तो विचार समजावयाचा तर तथागतांकडे जावे लागते.

बुद्धकाळी तीन वेद जाणणाऱ्यास 'तेविज्ज', म्हणजे तीन विद्यांचा धनी, म्हणत. दीघनिकायातील तेविज्जसुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन तरुण बुद्धाकडे येतात. आपापल्या आचार्यांपैकी कोणाचा मार्ग खरा, यावर त्यांचा वाद चालू असतो. बुद्ध त्यांना विचारतात, तुमच्या तेविज्ज ब्राह्मणांपैकी, त्यांच्या गुरूंपैकी, सात पिढ्यांपर्यंतच्या गुरूंच्या गुरूंपैकी, किंवा मंत्र रचणाऱ्या प्राचीन ऋषींपैकी एकाने तरी ब्रह्म्याला समोरासमोर पाहिले आहे काय? उत्तर नकारार्थी येते. तेव्हा बुद्ध आंधळ्यांच्या रांगेचा दृष्टान्त देतात. एकाने दुसऱ्याला धरले आहे, पुढच्याला दिसत नाही, मधल्याला दिसत नाही, मागच्यालाही दिसत नाही. हा प्रश्न नीट पाहिला तर तो शब्दाच्या मूळ अर्थाचाच प्रश्न आहे. तुमच्या विद्येत पाहिलेले किती आणि नुसते ऐकलेले किती, एवढेच तथागत विचारीत आहेत. स्वतःच्या धम्माचे वर्णनही त्यांनी 'एहिपस्सिक' असे केले. ये आणि पाहा, असा त्याचा अर्थ. 'तेविज्ज' हा शब्दही त्यांनी सोडला नाही. त्याला नवा अर्थ दिला, आणि त्या नव्या तीन विद्यांतील शेवटची व कळसाची विद्या म्हणजे चित्तातील आस्रवांचा, मळांचा क्षय. ही विद्या कोणत्याही कुळात जन्मून मिळत नाही.

'परंपरा' हा शब्द तर अंगुत्तरनिकायात जसाच्या तसा आढळतो. केसपुत्त गावच्या कालामांना बुद्ध ज्या गोष्टींवर विसंबू नका म्हणून सांगतात, त्यांत ऐकीव माहिती आहे आणि परंपरा आहे. पण त्याच यादीत 'हे पिटकात आहे म्हणून' आणि 'हा श्रमण आपला गुरू आहे म्हणून' ही कारणेही आहेत. म्हणजे हा निकष इतरांच्या ग्रंथांना लावावयाचा आणि आपल्या ग्रंथांना माफ करावयाचा, अशी सोय तेथे नाही. कालामांना दिलेली कसोटी साधी आहे. जे अकुशल आहे, ज्याची जाणते लोक निंदा करतात, जे आचरल्याने अहित व दुःख होते, हे स्वतः ओळखून सोडा. जे कुशल आहे, हितकारक आहे, ते स्वतः ओळखून स्वीकारा. या कसोटीवर उतरणारी परंपरा टाकून द्या, असे बुद्धांनी म्हटलेले नाही. बुद्धवचनही शतकानुशतके भिक्खूंनी मुखोद्गत करूनच जपले. त्यातील विनयाची जबाबदारी कोणाकडे होती? राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकाश्यपांनी विनयाविषयी प्रश्न विचारले ते उपालीला, आणि उपाली हा शाक्यांचा न्हावी होता. साऱ्या संघाची शिस्त एका न्हाव्याच्या मुखातून पुढच्या पिढीकडे गेली. ही ज्ञानपरंपरा भारतीयच आहे. आजच्या व्याख्यानांत उपालीचे नाव किती वेळा येते, हे श्रोत्यांनी मोजून पाहावे.

हाताच्या कामाविषयीही बौद्ध वाङ्मयाची दृष्टी वेगळी आहे. पालीत कौशल्याला 'सिप्प', म्हणजे शिल्प, म्हणतात आणि महामंगलसुत्तात बहुश्रुतपणाच्या शेजारी सिप्पाची गणना उत्तम मंगलांत केली आहे. विनयपिटकातील जीवकाची कथा सर्वांनी मुलांना सांगावी अशी आहे. उकिरड्यावर टाकून दिलेले अर्भक, म्हणून तो जिवंत आहे या अर्थाने नाव 'जीवक'. मोठेपणी तो तक्षशिलेस गेला आणि सात वर्षे वैद्यक शिकला. शेवटी आचार्यांनी परीक्षा घेतली. कुदळ घेऊन तक्षशिलेच्या चहूकडे एक योजनभर फीर आणि जी औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये, असे सांगितले. जीवक रिकाम्या हाताने परतला. औषधी नाही असे काहीच दिसले नाही, असे तो म्हणाला आणि उत्तीर्ण झाला. येथे विद्या पुन्हा पाहण्यापाशी आली आहे, आणि विद्यार्थ्याच्या जन्माची चौकशी कोणी केलेली नाही.

अविद्येविषयीही थोडे सांगितले पाहिजे. वेदान्तात अविद्या म्हणजे ब्रह्मस्वरूपाचे अज्ञान. बुद्धांच्या प्रतीत्यसमुत्पादात अविज्जा ही दुःखाच्या कारणसाखळीची पहिली कडी. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाच्या आरंभी शूद्रांच्या अवनतीची जी साखळी मांडली तिची पहिली कडीही अविद्याच आहे. मात्र फुल्यांची अविद्या ही शाळा न मिळाल्याने, हिशेब न कळल्याने, कागद वाचता न आल्याने होणारी अविद्या आहे. म्हणून १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी प्राथमिक शाळेत मोडी-बाळबोध वाचन, लेखन आणि हिशेब यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान व आरोग्याचे धडेही मागितले. लेखणी आणि नांगर एकाच वर्गात आणण्याची ही मागणी होती.

आता आपल्या जिल्ह्यातली भाषा पाहू. ग्रंथातल्या ज्ञानाला आपण विद्या म्हणालो, हातातल्या ज्ञानाला मात्र इतर नावे दिली. कसब, हुन्नर, कारागिरी, हिकमत. यांतील बहुतेक शब्द अरबी-फारसीतून आले. 'हिकमत' हा अरबीत शहाणपणाचा, प्रज्ञेचा शब्द आहे. मराठीत येऊन तो युक्तीपुरता उरला. मिरजेचे उदाहरण घ्या. तेथे तंबोऱ्यावर गायले जाते ती गानविद्या. तो तंबोरा ज्याने घडविला त्याची मात्र कारागिरी. मिरजेचे सतारमेकर शिकलगार समाजाचे. शस्त्रांना धार लावणे हा त्यांचा मूळ धंदा, आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्यांनी तो हात तंतुवाद्यांकडे वळविला. पंढरपूरकडचा भोपळा निवडणे, तो वाळविणे, जवारी काढणे, या प्रत्येक पायरीत कान आणि डोळा यांची वर्षानुवर्षांची साधना आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही समाधानाची गोष्ट. पण शब्दांची उतरंड मानांकनाने बदलत नाही.

चामड्याचे कामही तसेच. मराठीत कातडे 'कमावतात'. चुना, बाभळीची साल, हिरडा यांची मात्रा आणि किती दिवस काय भिजवावयाचे, हे ज्याला ठाऊक तोच कच्च्या कातड्याचे टिकाऊ चामडे करतो. हे रसायनशास्त्रच होय. त्या चामड्याची मोट झाली म्हणून विहिरीचे पाणी मळ्याला मिळाले. मांगाने वळलेल्या नाड्यावाचून ती मोट विहिरीत उतरली नसती. मळा पिकला, पण मोट आणि नाडा करणारे गावाबाहेर राहिले. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली मानांकन मिळाले आणि त्यात सांगली व सातारा हे आपले दोन्ही जिल्हे आहेत. जून २०२५ मध्ये मिलान शहरातील प्रदर्शनात प्राडा या कंपनीने तशाच चपला मांडल्या, तेव्हा आरंभी मूळ कारागिरांचा उल्लेख नव्हता. गवगवा झाल्यावर कंपनीने भारतीय परंपरेचे ऋण मान्य केले. त्या वेळी अनेकांना एकाएकी या वहाणेचा अभिमान वाटू लागला. वहाण पूज्य आणि ती करणारा हात अस्पृश्य, हा हिशेब मात्र फार थोड्यांनी मांडला.

हळदीचा किस्सा याहून बोधप्रद आहे. १९९५ साली अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. पण ते कशाच्या आधारे? आपल्या आज्या-पणज्या हळद दाबून रक्त थांबवीत आल्या, हे सांगून भागले नाही. जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक छापील वैद्यकीय लेख पुढे ठेवावा लागला. त्यानंतर २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचे जे डिजिटल ग्रंथालय उभे राहिले, तेही मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या लिखित ग्रंथांवर आधारलेले आहे. मग ज्यांना लिहूच दिले नाही त्यांचे ज्ञान कोठे शोधावयाचे? सांगलीच्या हळदीला २०१८ साली मानांकन मिळाले. ही हळद ज्या पेवांत साठविली जाई ती हरिपूरची पेवे पाहा. अरुंद तोंड, आत रुंद पोट, आणि माती अशी की हळद वर्षानुवर्षे टिकावी. पेव उघडल्याबरोबर आत उतरावयाचे नसते, कोंडलेली हवा आधी जाऊ द्यावी लागते, हे शहाणपण कोणाच्या तरी जिवाच्या मोलाने आले असणार. २००५ च्या महापुरात यांतील पुष्कळ पेवे निकामी झाली. व्यापाऱ्यांची नावे पेढ्यांवर आहेत. पहिले पेव कोठे खणावे हे मातीकडे पाहून ज्याने सांगितले, त्याचे नाव कोणत्या पोथीत आहे?

आणि महारांची विद्या कोणती होती? ती होती गावाची शीव. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की महाराला बोलावीत. कोठला दगड, कोठला ओढा, कोठले झाड, ही सारी खूण त्याच्या पायांना पाठ असे. तो शपथेवर चालत जाई ती शीव मानली जाई. त्याच्या तोंडी ज्ञानावर गावाच्या जमिनीचा निवाडा होई, पण त्या निवाड्याचा कागद त्याला वाचता येत नसे. ज्याच्या मुखाचा शब्द प्रमाण त्याच्याच हाताचे पाणी विटाळाचे. आमच्या मते भारतीय ज्ञानपरंपरेचा सगळा पेच या एका उदाहरणात सापडतो.

येथे कोणी विचारील, एवढे मोठे ज्ञान होते तर ते सोडले कशाला? हा प्रश्न हल्ली गोड शब्दांत विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर स्पष्ट असावे. बाबासाहेबांनी १९२७ च्या महाड परिषदेच्या काळात मेलेली ढोरे ओढणे सोडा असे सांगितले. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयी विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ वतने संपली. आपल्या वाडवडिलांनी ते काम टाकले तेव्हा त्यातील काही कसबही लयास गेले, हे खरे. पण त्यांनी टाकली ती सक्ती होती. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात ही श्रमाबरोबर श्रमिकांचीही विभागणी करते. ज्ञान जेव्हा जन्माला बांधले जाते, तेव्हा ज्याला नको त्याला ते सोडता येत नाही आणि ज्याला हवे त्याला ते शिकता येत नाही. अशा ज्ञानाची वाढ खुंटते. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसायांना अवजारे, प्रशिक्षण आणि पाच टक्के व्याजाने कर्ज मिळते. गरजू कारागिराने हा लाभ जरूर घ्यावा, त्यात कमीपणा नाही. परंतु या योजनेच्या उद्दिष्टांत 'गुरु-शिष्य परंपरा' आणि घराण्यात चालत आलेला व्यवसाय यांना बळ देण्याची जी भाषा आहे, ती वाचताना पालकांनी सावध राहावे. आपल्या मुलाने चर्मतंत्रज्ञान शिकावे, आणि कोणाही देशपांडे-पाटलांच्या मुलानेही शिकावे. बापाची रापी मुलाच्या हाती आपोआप येणे, याला आम्ही विद्या म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच माणसांचा आहे. ज्या शब्दाने आपल्याला हजारो वर्षे दूर ठेवले तो शब्द कवटाळावा कशाला? या भावनेचा आम्ही आदर करतो. तरीही शब्द सोडून दिल्याने तो दुसऱ्याच्या एकट्याच्या मालकीचा होतो. बुद्धांनी 'तेविज्ज' सोडला नाही, फुल्यांनी 'विद्या' सोडली नाही, बाबासाहेबांनी तिला दैवत म्हटले. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सद्धम्माची लक्षणे सांगताना त्यांनी विद्या सर्वांना खुली असली पाहिजे हे सांगितले, आणि लगेच पुढे सांगितले की नुसती विद्या पुरेशी नाही, प्रज्ञा हवी, शील हवे, करुणा आणि मैत्री हवी. १९४५ साली स्थापिलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या औरंगाबादच्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव आहे. त्या राजाला नागसेनाने अट घातली होती की राजासारखा वाद करणार नसशील, पंडितासारखा करशील, तरच बोलू. पंडितांच्या वादात हरणारा रागावत नाही. विद्येचे दार उघडे ठेवायचे तर ही रीतही आपल्यात आली पाहिजे.

आपल्या भागाला याचे धडे नवे नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि साताऱ्यात सर्व जातींची मुले एका वसतिगृहात, एका पंगतीत आणली. 'कमवा व शिका' हे त्यांचे सूत्र. ज्या 'कमावणे' या क्रियापदाने चामडे होते त्याच क्रियापदाने शिक्षणही होऊ शकते, हे त्यांनी करून दाखविले.

म्हणून आमची एक सूचना आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. आपल्या विद्यालयानेही अशीच एक 'विद्या-नोंदवही' सुरू करावी. आठवी-नववीच्या मुलामुलींनी सुटीत गावातील एका जाणत्या माणसाकडे जावे. सुईण, सतारमेकर, यंत्रमाग कामगार, हळद शिजविणारी बाई, वैदू, कोणीही. नियम एकच, ज्याने-त्याने स्वतःच्या घराच्या नव्हे तर दुसऱ्या कोणाच्या तरी कामाची नोंद करावी, म्हणजे ज्ञान जातीत अडकणार नाही. काय ऐकले आणि काय डोळ्यांनी पाहिले हे वेगवेगळे लिहावे. त्यातले हितकारक काय, अपायकारक काय, हे विज्ञानाच्या शिक्षकांसमवेत तपासावे. ज्या उपायाने बाळंतिणीला अपाय होतो तो आपल्या आजीचा असला तरी तसे लिहावे. आणि सांगणाऱ्याच्या संमतीने प्रत्येक नोंदीवर त्याचे किंवा तिचे नाव घालावे, कारण नाव पुसले जाणे हा या इतिहासातील सर्वांत मोठा अन्याय आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे प्रयोगशाळांत, रुग्णालयांत, कृषी विद्यापीठांत, बँकांत आहेत त्यांनी वर्षातून दोन दिवस या कामासाठी द्यावेत. पालकांनी आपल्याला काय येते हे मुलांना सांगताना संकोच करू नये, आणि तेच काम पुढे करण्याचा आग्रहही धरू नये.

पुढच्या वेळी एखादा विद्यार्थी विचारील, या परंपरेत आपण कोठे आहोत, तेव्हा त्याच्या हाती ही वही द्यावी. तिच्यात त्याला शिवेचा दगड ओळखणारा महार भेटेल, नाडा वळणारा मांग भेटेल, तंबोरा जुळविणारा शिकलगार भेटेल. आणि कोणाही मुलाला यांपैकी कोणतीही विद्या शिकण्याची वा न शिकण्याची मोकळीक आहे, हेही त्याला त्याच वहीत वाचावयास मिळेल.

जय भीम.